ऑनलाइन मराठी पुस्तक मागवताय? आधी प्रत ठरवा, मग बटण दाबा

आमच्या सोसायटीच्या छोट्या वाचनालयाची खरेदी माझ्याकडे असते, त्यामुळे "जरा हे मागवून दे ना" पासून "अरे हे काय आलंय" पर्यंतचे सगळे फोन मलाच येतात. आणि चुका ठरलेल्या असतात हो, नवीन काही नाही. तीन खंडांतला मधलाच खंड येतो. मराठी हवं असतं आणि हिंदी येतं. दीडशे छापील किमतीचं पुस्तक कोणीतरी सहाशेला घेऊन बसतं. मोबाईल घेताना रॅम, मेमरी, रंग सगळं तीनदा बघणारी माणसं पुस्तक मात्र नाव आणि कव्हर बघून कार्टात टाकतात.

एका नावाचं पुस्तक चार जणांनी छापलेलं असू शकतं, त्यामुळे तुम्हाला त्यातली नक्की कुठली प्रत हवीय हे ठरल्याशिवाय सर्च करायचंच नाही. खाली सगळं क्रमाने दिलंय. क्रम मोडू नका, बहुतेक घोळ तयारी सोडून थेट सर्चला बसल्यामुळेच होतात.

## १. सर्च करण्याआधी: कुठली प्रत हवीय ते लिहून काढा

फोनच्या नोट्समध्ये लिहा, पाठकोऱ्या कागदावर लिहा, पण लिहा. लेखकाचं पूर्ण नाव, पुस्तकाचं पूर्ण नाव (उपशीर्षकासकट), प्रकाशक, अनुवाद असेल तर अनुवादक, किती खंड आहेत, आणि साधी बांधणी चालेल की पुठ्ठ्याची. कोणाकडे किंवा वाचनालयात ते पुस्तक असेल तर आतल्या शीर्षकपानाच्या मागच्या पानाचा फोटो काढून आणा. बारीक अक्षरात प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, हक्क, किंमत असं सगळं असतं ना, ते पान. त्या एका फोटोवर अर्धं काम होतं.

उदाहरण म्हणून ज्ञानेश्वरी घ्या, कारण सगळ्यात जास्त घोळ मी हिच्यात बघितलेत. नुसत्या ओव्यांची प्रत मिळते. ओवीखाली अर्थ दिलेली सार्थ मिळते. ओव्या नसलेलं नुसतं गद्य रूपांतर मिळतं. पारायणासाठी ठळक मोठ्या अक्षरातली मिळते, खिशात मावणारा गुटका मिळतो, हिंदी भाषांतर मिळतं, आणि एकेका अध्यायाची वेगळी पुस्तकंही मिळतात. या सगळ्यांच्या कव्हरवर माऊलींचं साधारण सारखंच चित्र! मग आजींना चौरंगावर ठेवून चष्म्याने वाचायची असते आणि पार्सलमधून निघतो तळहाताएवढा गुटका. यात विक्रेत्याने काही फसवलेलं नसतं बरं का, लिस्टिंगमध्ये, म्हणजे साइटवरच्या त्या पुस्तकाच्या माहितीच्या पानावर, आकार लिहिलेला असतो, आपण बघितलेला नसतो.

अनुवादाचं तसंच. गाजलेल्या इंग्रजी पुस्तकाचे मराठीत दोन-दोन अनुवाद असतात, एक संपूर्ण आणि एक संक्षिप्त. "अनुवाद", "रूपांतर", "भावानुवाद", "संक्षिप्त", "किशोरांसाठी" यातला कुठला शब्द लिहिलाय तो नीट वाचा. भेट द्यायची असेल तर अजून नीट वाचा.

आवृत्तीबद्दल: मराठीत बरेचदा मजकूर तोच ठेवून नुसतं पुन्हा छापलं तरी "आवृत्ती सातवी" असं लिहितात. त्यामुळे कथा-कादंबरीला सहावी आली काय नि सातवी आली काय, फरक पडत नाही. "सुधारित" किंवा "सुधारून वाढवलेली" लिहिलं असेल तर मात्र पडतो. स्पर्धा परीक्षा, कायदा, कर, कॉम्प्युटर असल्या विषयांत वर्ष बघितल्याशिवाय घेऊच नका, दोन वर्षं जुनं पुस्तक निम्म्या किमतीत मिळालं तरी ते महागच.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीचा ओळख क्रमांक: मिळाला तर सोनं. २००७ पासून हा नंबर १३ आकडी झाला, त्याआधीच्या पुस्तकांवर १० आकडी असायचा आणि त्याच्या शेवटी कधीकधी एक्स हे अक्षर असायचं, ती चूक नाही. भारतातल्या पुस्तकांचा नंबर साधारण ९७८-८१ किंवा ९७८-९३ असा सुरू होतो. लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी. पेपरबॅक, पुठ्ठा बांधणी आणि ई-बुक यांचे नंबर वेगवेगळे असतात. आणि संच असेल तर अख्ख्या संचाचा एक नंबर आणि प्रत्येक खंडाचा स्वतःचा वेगळा, असंही असतं. जुन्या मराठी पुस्तकांवर बऱ्याचदा नंबर नसतोच, तेव्हा अडून बसू नका, प्रकाशक आणि पानांची संख्या यावर काम भागतं.

थांबा, तपासा: पुस्तकाचं नाव झाकून नुसता प्रकाशक, खंड आणि बांधणी सांगता येतेय का? नसेल तर अजून सर्च करायचं नाही.

## २. शोधणं: एकाच स्पेलिंगवर विसंबू नका

इथे लोक सगळ्यात लवकर हार मानतात. एकदा टाइप केलं, आलं नाही, "मिळत नाही बहुतेक". मिळतं हो. लिस्टिंग करणाऱ्याने नाव कसं लिहिलंय ते आपल्याला माहीत नसतं एवढंच.

आधी देवनागरीत शोधा. मग इंग्रजी अक्षरांत, आणि तेही तीन-चार प्रकारांनी. "ज्ञ" कोणी डी-एन-वाय-ए लिहितो, कोणी जी-वाय-ए, कोणी जे-एन-ए. "व" चा कधी व्ही, कधी डब्ल्यू. दीर्घ ईला कोणी एक आय लावतो, कोणी दोन ई. ऋकाराचं तर विचारूच नका, आर-यू पण चालतं आणि आर-आय पण. "पाऊस" मी चार प्रकारे लिहिलेला बघितलाय. देवनागरीतही "ॲ" दोन पद्धतीने टाइप होतो, दिसायला सारखा पण आतून वेगळा, आणि काही साइटींच्या सर्चला ते कळत नाही. अशा वेळी तो शब्दच गाळा आणि बाकीच्या शब्दांवर शोधा.

जुन्या पुस्तकाचं नाव जुन्या शुद्धलेखनात असू शकतं, म्हणजे "कांहीं" वगैरे. अनुस्वार देऊन आणि न देता, दोन्ही करून बघा.

माझी पद्धत: लेखकाचं नुसतं आडनाव आणि पुस्तकाच्या नावातला सगळ्यात वेगळा, कमी वापरातला एकच शब्द. पूर्ण नाव टाकलं की एका अक्षराची चूकसुद्धा आडवी येते.

कुठे शोधायचं? फक्त मोठ्या मार्केटप्लेसवर शोधून थांबू नका, ही मराठी वाचकाची मोठीच चूक. बुकगंगा, अक्षरधारा, मॅजेस्टिक अशा मराठी पुस्तकांच्या जागा आहेत, राजहंस, मेहता यांच्यासारख्या प्रकाशकांची स्वतःची विक्री आहे. बुकगंगावर बऱ्याच पुस्तकांची सुरुवातीची काही पानं वाचायला मिळतात, ती उघडून अक्षराचा आकार आणि अनुवादाची भाषा बघून घ्या, विकत मात्र तुम्हाला परवडेल तिथून घ्या. आणि शाळेचं पुस्तक हवं असेल तर आधी बालभारतीच्या साइटवर जा, पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेत. राज्य मराठी विश्वकोशाच्या नोंदीही ऑनलाइन फुकट वाचता येतात.

## ३. लिस्टिंगचं पान वाचणं (इथे घाई करू नका)

नाव सापडलं, कव्हर ओळखीचं दिसलं, की बोट आपोआप बटणाकडे जातं. ते आवरा. खाली स्क्रोल करून तपशिलाचा तक्ता उघडा आणि नोट्सशी एकेक ओळ जुळवा.

भाषा. हिंदी आणि मराठीची लिपी एकच, त्यामुळे कव्हरवरून कळतच नाही, त्यातून बऱ्याच पुस्तकांची नावं संस्कृत असतात, दोन्हीकडे सेमच. संतसाहित्य, चरित्रं, योग-आयुर्वेद, सेल्फ हेल्पचे अनुवाद, इथे जास्त जपायचं. तक्त्यातल्या भाषेवरही पूर्ण भरोसा नको, तीही माणसानेच भरलेली असते. आतल्या पानाचा फोटो असेल तर एक वाक्य वाचा, "है" दिसतंय का "आहे", संपलं.

फॉरमॅट. बऱ्याच साइटींवर पान उघडताना ई-बुकच निवडलेलं असतं, कारण ते स्वस्त दिसतं. लोक किंमत बघून खूश होतात, पैसे भरतात, आणि मग चार दिवस पार्सलची वाट बघत बसतात. आमच्या एका काकांनी तर कुरिअरवाल्याला फोन करून झापलं होतं. पेपरबॅकवर टिचकी मारून किंमत बदलतेय का बघा.

पानांची संख्या. माझ्या मते तक्त्यातला सगळ्यात उपयोगाचा आकडा. संपूर्ण पुस्तक ४८० पानांचं आहे आणि लिस्टिंगमध्ये १६० लिहिलंय, तर एकतर संक्षिप्त आहे नाहीतर एकच भाग आहे. तीन खंडांच्या संचाची पानं ३५० दाखवत असतील तर फोटोत तीन दिसत असले तरी येणार एकच.

संच आणि खंड. फोटोवर जाऊ नका. "भाग १ ते ३", "संपूर्ण संच", "एकूण खंड ३" असे शब्द नावातच पाहिजेत. नसतील तर विक्रेत्याला लेखी प्रश्न विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. फोनवर विचारून उपयोग नाही, नंतर कोण कबूल करतंय.

प्रकाशनाची तारीख. १ जानेवारी दिसली की समजायचं कोणीतरी नुसतं वर्ष भरलंय आणि सिस्टीमने बाकीचं स्वतः घातलंय. आणि ते वर्ष कधी पहिल्या आवृत्तीचं असतं, कधी आत्ताच्या छपाईचं.

रिव्ह्यू. एकाच पानावर वेगवेगळ्या आवृत्त्यांचे, अगदी वेगळ्या भाषांमधल्या प्रतींचेही रिव्ह्यू एकत्र आलेले असतात. "प्रिंट खूप छान" हे त्याने पुठ्ठ्याच्या प्रतीबद्दल लिहिलं असेल, तुम्ही घेताय पेपरबॅक. फोटोसकट असलेले आणि अलीकडचे तेवढे वाचा. एक स्टारवाले आधी वाचा. त्यातले निम्मे "पार्सल उशिरा आलं" असतात ते सोडून द्या, पण "अक्षर पुसट", "पानं गायब", "कागद पारदर्शक" असं दोन-तीन जण म्हणत असतील तर ती चोरटी छपाई असू शकते.

सावध: स्कॅन करून छापलेली जुनी पुस्तकं. हक्क संपलेलं जुनं पुस्तक कोणीही छापू शकतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. मग काही लोक वाचनालयातल्या जुन्या प्रतीचं स्कॅन जसंच्या तसं छापून विकतात. पानं तिरकी, कडेच्या ओळी कापलेल्या, मध्येच कोणाचा तरी शिक्का. ओळखायचं कसं तर कव्हर एकदम कोरं किंवा पुस्तकाशी संबंधच नसलेलं चित्र, प्रकाशकाचं नाव कधी न ऐकलेलं, आतल्या पानाचा फोटो नाही, आणि किंमत मात्र भरमसाट. याच पुस्तकाचं स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर फुकट पडलेलं असण्याची शक्यता बरीच असते, आधी तिथे बघा.

## ४. किंमत आणि विकणारा

छापील किंमत माहीत नसताना सूट बघू नका. "६० टक्के सूट" असं लाल अक्षरात लिहायला काय जातंय, मूळ किंमतच वाढवून लिहिलेली असते. प्रकाशकाच्या साइटवर जाऊन छापील किंमत बघा, मग बोला.

उलटा प्रकारही आहे. दोनशेचं पुस्तक हजाराला लावलेलं दिसतं, आणि लोकांना वाटतं "दुर्मिळ झालं वाटतं". तसं काही नसतं. कित्येकदा त्या विक्रेत्याकडे पुस्तक नसतंच, ऑर्डर आली की तो प्रकाशकाकडून किंवा दुकानातून उचलून तुम्हाला पाठवतो आणि मधला फरक त्याचा. असं दिसलं की सरळ प्रकाशकाला फोन लावा. शीर्षकपानाच्या मागच्या पानाचा फोटो काढला असेल तर त्यावर नंबर बहुतेक असतो. मराठी प्रकाशकांकडे अजूनही फोन माणूसच उचलतो, आणि तो सांगतो की आहे, चार प्रती आहेत, किंवा पुढच्या महिन्यात पुन्हा छापतोय.

"आउट ऑफ स्टॉक" म्हणजे त्या दुकानात आत्ता नाही. "आवृत्ती संपली" म्हणजे प्रकाशकाकडेच नाही. यातलं दुसरं ऐकल्याशिवाय जादा पैसे देऊन जुनी प्रत घेऊ नका. उलट "उपलब्ध" दिसतंय म्हणून ते फडताळावर ठेवलेलंच असेल असंही नाही, छोटी दुकानं ऑर्डर आल्यावर मागवतात, त्यामुळे वाढदिवस परवावर असेल तर आधी विचारा.

हिशोब नेहमी शेवटच्या आकड्यावर करायचा. समजा छापील किंमत २५० आहे, एकीकडे १० टक्के सूट आणि वर ६० रुपये टपालखर्च, म्हणजे पडले २८५. दुसरीकडे सूट नाही पण घरपोच फुकट, म्हणजे २५०. सूट नसलेलंच स्वस्त. दोन-तीन पुस्तकं एकत्र मागवली की टपाल वाटून जातं, म्हणून आम्ही शेजारीपाजारी यादी करून महिन्यातून एकदाच मागवतो. आणि छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, बिलात पुस्तकाच्या ओळीवर कर लावलेला दिसला तर विचारा.

प्रकाशनपूर्व सवलत चांगली असते पण जाहीर केलेली तारीख पुढे जातेच, हे गृहीत धरूनच पैसे भरा. पावती जपून ठेवा, नोंदणी क्रमांक असतो त्यावर.

## ५. पत्ता

कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्यात जास्त पार्सलं इथेच अडकतात.

गावाचं नाव एकटं कधीच लिहू नका. खेड रत्नागिरी जिल्ह्यात आहे आणि खेड पुणे जिल्ह्यातही आहे, राजगुरुनगरचं खेड. पहिल्याचा पिन ४१५७०९, दुसऱ्याचा ४१०५०५. वडगाव, पिंपळगाव तर मोजायलाच नकोत. गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन, या क्रमाने लिहा. साइट पिनवरून गाव आपोआप भरते तेव्हा तिने काय भरलंय ते वाचा, बऱ्याचदा जवळच्या मोठ्या पोस्टाचं नाव येतं आणि तुमच्या गावाचं उडतं, मग ते पत्त्याच्या ओळीत स्वतः लिहायचं.

गाव आत असेल तर खाजगी कुरिअर येत नाही, "तालुक्याला येऊन घेऊन जा" म्हणतात. अशा ठिकाणी ऑर्डर करतानाच पोस्टाने पाठवायला सांगा. पोस्टात अलीकडे बदल झालेत ते माहीत असू द्या. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिलेली नाही, ती स्पीड पोस्टात मिसळली, त्यामुळे विक्रेता सवयीने "रजिस्टरने पाठवतो" म्हणाला तर दर स्पीड पोस्टाचा लागणार. आणि १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट नावाची पुस्तकांसाठीची सेवा सुरू आहे, अभ्यासाची, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक छापील पुस्तकं तिने जातात, सुरू झाली तेव्हा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये ते ५ किलोला १०० रुपये असा होता, कर वेगळा. ट्रॅकिंग मिळतं, पण जमिनीवरच्या वाहतुकीने जातं म्हणजे घाई असेल तर नको. छोट्या विक्रेत्याला या सेवेबद्दल तुम्हीच सांगा, त्याचाही खर्च वाचतो आणि तुमचाही.

थांबा, तपासा: मोबाईल नंबर दिवसा उचलला जाणारा आहे का? आजोबांच्या नावाने ऑर्डर आणि ओटीपी तुमच्या ऑफिसातल्या फोनवर, असं करून ठेवू नका.

## ६. पैसे भरणं

ओळखीची साइट असेल तर काही सांगण्यासारखं नाही. व्हॉट्सॲप किंवा इन्स्टावरून पुस्तकं विकणाऱ्यांकडून घेताना मात्र:

- यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी जे नाव दिसतं ते वाचा. दुकानाचं नाव एक आणि खात्याचं भलतंच असेल तर आधी विचारा.
- पहिल्यांदा एकच पुस्तक मागवा, एकदम पाच हजाराची यादी नको.
- रिफंड "घेण्यासाठी" यूपीआय पिन टाकावा लागत नाही, कधीच नाही. कोणी सांगितलं तर फोन ठेवून द्या.
- यादी, रक्कम, पत्ता, सगळं एका मेसेजमध्ये लिहून समोरच्याचं "हो" घ्या.

## ७. पार्सल निघालं का खरंच?

"पाठवलं" असा मेसेज येतो तेव्हा बऱ्याचदा नुसतं लेबल छापलेलं असतं, पुस्तक अजून टेबलावरच असतं. ट्रॅकिंगमध्ये पहिलं ठिकाण दिसेपर्यंत ते निघालं असं धरू नका. पोस्टाचा नंबर १३ जागांचा असतो, आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आय-एन. यापेक्षा वेगळा असेल तर तो कुरिअरचा किंवा साइटचा अंतर्गत नंबर आहे, पोस्टाच्या साइटवर टाकून काही येणार नाही.

सावध: "तुमचं पार्सल गोदामात आलंय, पत्ता अपूर्ण आहे, १२ तासांत लिंकवर जाऊन दुरुस्त करा" असा पोस्टाच्या नावाने येणारा मेसेज खोटा असतो. पार्सलची वाट बघत असतानाच तो आला की माणूस फसतो. लिंक उघडू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, जितक्या लवकर तितकी परत मिळायची शक्यता जास्त.

## ८. पुडकं उघडणं आणि प्रत तपासणं

मोबाईलवर व्हिडिओ चालू करा, आधी पत्त्याचं लेबल दाखवा, मग न थांबता उघडा. बरेच विक्रेते याशिवाय तक्रारच घेत नाहीत. ब्लेड खोल घालू नका, कव्हरवर चीर पडली की ती कोणी पाडली यावर वाद.

आता महत्त्वाचं. नाव लिहू नका, शिक्का मारू नका, प्लॅस्टिक कव्हर घालू नका. आधी पानं तपासा. आमच्या वाचनालयात नवीन माणूस आला की त्याला मी पहिली हीच गोष्ट सांगतो, कारण नोंदणी शिक्का बसला की पुस्तक परत जात नाही.

तपासायचं कसं? पुस्तक फर्म्यांनी, म्हणजे छापून घडी घातलेल्या मोठ्या कागदांनी, बांधलेलं असतं, बहुतेक वेळा १६ पानांचा एक फर्मा. त्यामुळे चूक होते तीही फर्म्याने. एखादा फर्मा गायब, एखादा दोनदा, एखादा उलटा, किंवा एका बाजूची छपाईच नाही म्हणून पानाआड कोरं पान. अख्खं पुस्तक पान-पान बघायची गरज नसते, अंगठ्याने सोडत सोडत पानांचे नंबर बघा, साधारण दर १६ पानांनी जोड येतो तिथे नंबर सलग आहेत ना एवढं बघितलं की झालं. मग अनुक्रमणिकेतलं शेवटचं प्रकरण दिलेल्या पानावर आहे का आणि शेवटचं पान खरंच शेवटचं आहे का ते बघा. रहस्यकथेत हे नंतर कळण्यासारखं दुःख नाही.

मग नोट्स काढून जुळवा: प्रकाशक, खंड, अनुवादक, बांधणी. छापील किंमत आणि दिलेली किंमत. किमतीवर स्टिकर लावला असेल तर खाली काय छापलंय ते बघा, तो स्टिकर प्रकाशकाचाही असू शकतो, लगेच भांडू नका.

पावसाळ्यात आलेलं पुस्तक एक-दोन दिवस पंख्याच्या वाऱ्यात उभं ठेवा, पानं थोडी उघडी. उन्हात नको, कागद वाकतो आणि पुठ्ठा सुटतो. जून ते सप्टेंबर मागवत असाल तर "प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पाठवा" असं ऑर्डरच्या सूचनेत आधीच लिहा.

## ९. चुकीचं आलं तर

कारण निवडताना "आता नको आहे" कधीच निवडू नका, मग परतीचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो किंवा विनंतीच नाकारली जाते. "वेगळी वस्तू आली" किंवा "सदोष" हे निवडा, आणि चार फोटो जोडा: कव्हर, शीर्षकपानाची मागची बाजू, चुकीची पानं, आणि पार्सलचं लेबल. काही साइटी पुस्तक फक्त बदलून देतात, पैसे परत नाहीत, मग तीच चुकीची लिस्टिंग असेल तर बदलून पुन्हा तेच येणार! अशा वेळी तक्रारीत स्पष्ट लिहा की लिस्टिंगमधली माहितीच चुकीची आहे, रिफंड हवा.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक साइटला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची. साइटच्या तळाशी त्याचं नाव असतं, तिथे मेल टाका. तरी हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. आणि फर्म्याची चूक असेल, विक्रेता दाद देत नसेल, तर प्रकाशकाला फोटो पाठवून बघा, सदोष प्रत बदलून द्यायला ते सहसा खळखळ करत नाहीत.

## १०. जुनी पुस्तकं, दिवाळी अंक आणि परदेशात पाठवणं

जुन्या प्रतीसाठी "चांगल्या स्थितीत" या शब्दांना काही अर्थ नाही. पाच फोटो मागा: कव्हर, कणा (पानं बांधलेली बाजू), शीर्षकपानाच्या मागचं पान, मधलं कुठलंही पान, शेवटचं पान. कण्याचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली की समजा कणा गेलाय. वाळवीची भोकं आहेत का आणि वाचनालयाचे शिक्के आहेत का, हे वेगळं विचारा. शिक्का "रद्द" केलेला नसेल तर ती प्रत वाचनालयातून उचललेली असू शकते, मी तरी घेत नाही.

दिवाळी अंक सहसा पुन्हा छापत नाहीत, त्यामुळे "नंतर स्वस्त झाले की घेऊ" हे गणित निम्म्या अंकांना लागू पडतं आणि तुम्हाला हवा असलेला नेमका संपतो. संच घेताना त्यात कुठले अंक आहेत त्याची यादी बघा, "कोणतेही दहा" असं लिहिलं असेल तर ज्योतिष आणि पाककृतींचे तीन धरून चाला. सगळे अंक एकदम निघत नाहीत, एखादा मागाहून येतो, तो मागाहून आला तर टपालखर्च कोणाचा हे आधी विचारून घ्या.

परदेशातल्यांना मागवून द्यायचं असेल तर वजन हाच खरा प्रश्न. दोनशे-सव्वादोनशे पानांचं नेहमीच्या आकाराचं पेपरबॅक पाव किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे चार पुस्तकांचा किलो झाला, आणि कुरिअरचा दर पुस्तकांच्या किमतीला सहज मागे टाकतो. ई-बुक निघालं असेल तर ते घ्या. नसेल तर पुस्तकं इथल्याच नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवा, आठवी पायरी त्याच्याकडून नीट करून घ्या, आणि पुढच्या येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेत टाका. त्याला किती किलो जागा आहे ते मात्र पुस्तकं मागवायच्या आधी विचारा, कारण लोणच्याच्या बरण्या आधीच भरलेल्या असतात.